न्हावी म्हणून आलेलं बोलावणं

कल्लाप्पांना चर्चचे पाळक म्हणून बोलावणं नव्हतं. न्हावी म्हणून होतं, आणि तेही जोडीनं.

"शनिवारी दुपारी रघुपतीअण्णांच्या आठवणीची उपकारस्तुती आहे," कल्लाप्पांनी दारात चपला काढता काढता सांगितलं. "मुलाच्या, उपेंद्रच्या, अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये. सुनेनं, प्रांजलीबाईंनी, नागराजकडून निरोप पाठवलाय. न्हाव्याला आणि त्याच्या बायकोला जेवायला यायला सांग म्हणून."

महानंदा भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला.

"आणि मंडळीच्या पाळकाला?"

"पाळकाला नाही. उपेंद्रनं आपल्या पंचांना, शेषगिरीसाहेबांना, फोनवर स्पष्ट सांगितलंय म्हणे, तुमच्या पाळकांना आणू नका. बाबा आजारी असताना जे एकदाही फिरकले नाहीत, त्यांनी आता येऊन काय करायचंय?"

"म्हणजे न्हावी आलेला चालतो, पाळक आलेला चालत नाही."

"हो ना," कल्लाप्पा हसत म्हणाले. "आणि स्कूटर तर दोघांत एकच."

महानंदानं ती भाकरी तव्यावर अशी आपटली, की शेजारच्या घरातून अक्कांनी "एनायतु?" म्हणून विचारलं. काय झालं ते कानडीत सांगायला सुद्धा महानंदाला त्या दिवशी शब्द सापडेनात. एरवी तिला मराठी, कानडी आणि मोडकी हिंदी अशा तिन्ही भाषांत भांडता येतं. बेळगावकडची बाई ती. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडलांनी कल्लाप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरगी मनानं सोनं आहे, पण उपकार मानायला सांगाल तेव्हा कुणाचे आणि कशाबद्दल, हे आधी विचारील." कल्लाप्पांना वाटलं सासरे गंमत करताहेत.

त्या घराची एक रीत होती. जेवायला बसलं की ताटावर प्रार्थना करायची, आणि प्रार्थनेत प्रत्येकानं त्या दिवसाचा एक उपकार मोठ्यानं सांगायचा. नुसतं "अन्नाबद्दल आभार" म्हणून सुटका नाही. काहीतरी त्याच दिवसातलं हवं. कल्लाप्पांना कधी अडचण पडली नाही. पाऊस लागला तर झाडं धुतली गेली, टायर पंक्चर झाला तर पंक्चरवाल्याची ओळख झाली. कानडी मंडळीनं आपलं चर्च मराठी उपासनेला दुपारच्या उन्हात, लोकांना डुलक्या येतात त्या वेळी दिलं, तर "लोक निदान शांत तरी बसतात" म्हणून त्याचेही उपकार. महानंदाला हे ऐकून घास कडू लागायचा. पण नियम म्हणजे नियम. तीही काही ना काही सांगायची. रागावली असली की मात्र तिचे उपकार ऐकण्यासारखे असत.

"देवा," एकदा तिनं डोळे मिटून म्हटलं होतं, "आमच्या यांना माणसांच्या लिफ्टनं न नेता सामानाच्या लिफ्टनं वर नेतात, त्याबद्दल उपकार. निदान जिने तरी चढायला लावत नाहीत."

तर ही सामानाची लिफ्ट कुठली आणि पाळक न्हावी झाला कसा, ते आता ऐका.

रघुपतीअण्णा म्हणजे राजाजीनगरच्या मराठी मंडळीतला जुना माणूस. सरकारी कारखान्यात इंजिनीअर होते. आवाज असा की ते गाऊ लागले की पेटीवाला पेटी थांबवून ऐकायचा. बायको गेली, आणि त्यानंतर अण्णांना एकेक गोष्ट विसरायला होऊ लागली. मुलगा उपेंद्र शिकायला म्हणून पुण्याला गेला तो तिथंच नोकरीला राहिला होता. तो बदली घेऊन बेंगळुरूला आला, सर्जापूर रोडवर मोठं घर घेतलं आणि बापाला तिकडं घेऊन गेला. तो आणि त्याची बायको प्रांजली जवळच्याच एका इंग्रजी मंडळीत जाऊ लागले. कल्लाप्पा राजाजीनगरला पाळक म्हणून आले ते उपेंद्र पुण्याला गेल्यानंतर, त्यामुळे त्यानं त्यांना कधी धड पाहिलेलंच नव्हतं.

अण्णा नजरेआड झाले तसे मंडळीच्या बोलण्यातूनही गेले. कल्लाप्पांनी मात्र उपेंद्रचा नंबर मिळवला आणि फोन केला. "हां पास्टर, प्लीज या ना, बाबांना बरं वाटेल. पण मी ऑफिसात असतो हां, घरी अटेंडंट असतो," एवढं बोलून उपेंद्रनं फोन ठेवला, आणि कामाच्या रगाड्यात तो फोन आला होता हेही विसरला.

बुधवार होता तो. राजाजीनगरपासून सर्जापूर रोड म्हणजे गावाला गेल्यासारखं. सिल्क बोर्डच्या गर्दीत स्कूटर अशी अडकते की पुढच्या रिक्षावर काय काय लिहिलंय ते पाठ होतं. कल्लाप्पा घामाघूम होऊन गेटवर पोहोचले. रखवालदारानं वर फोन लावला, कुणी उचलेना. उन्हात उभं केलं. शेवटी अण्णांची देखभाल करणारा नागराज खाली येऊन त्यांना वर घेऊन गेला.

अण्णा खुर्चीत बसले होते. दाढीची खुंटं वाढलेली. कल्लाप्पांच्या काखेतल्या कातडी पिशवीकडं, म्हणजे बायबलच्या पिशवीकडं, त्यांनी पाहिलं आणि कडाडले, "एवढा उशीर? बाजाराचा दिवस म्हणून काय झालं? वस्तरा आणलास का?"

कल्लाप्पा म्हणाले, "अण्णा, सलाम. मी मंडळीचा पाळक."

"सलाम-बिलाम राहू दे. दाढी कर आधी."

नागराज म्हणाला, "अय्यनोरे, कुणाला हात लावू देत नाहीत. स्वल्प बघा तुम्हीच." हा नागराज हुबळीकडचा. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं हे अय्यनोरु आहेत, म्हणजे पाळक. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोललं की नोकरी जाते, असा त्याचा अनुभव.

त्या दिवशी कल्लाप्पांनी नुसत्या पाण्यानं अण्णांचे गाल पुसले. अण्णा शिव्या देत होते. घरी आल्यावर कल्लाप्पांनी काय केलं असेल? गल्लीच्या तोंडाशी सलून आहे, तिथं जाऊन वस्तरा धरायला शिकवा म्हणाले. सलूनवाला पोट धरून हसला, पण शिकवायला तयार झाला. "फुगा आणा," म्हणाला. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो फेस वस्तऱ्यानं काढायचा. फुगा फुटला की समजायचं, गिऱ्हाईक कापलं. रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी आणलेले फुगे घरात होतेच. त्या आठवड्यात पाळकाच्या घरातून फटाफट आवाज येत होते, आणि महानंदा भिंतीवरचा फेस पुसत म्हणत होती, "दिवाळी आली वाटतं मंडळीची." शेवटचा फुगा मात्र टिकला. कल्लाप्पांनी तो खिडकीला बांधून ठेवला, मेडलसारखा.

तेव्हापासून दर बुधवार ठरला. वर्ष उलटलं तरी चुकला नाही. पिशवीत बायबल, खाली पंचा, वस्तरा, ब्रश, तुरटी. गेटवर पिशवी उघडून दाखवावी लागे, आणि वस्तरा बघून रखवालदारानं त्यांचं नामकरण करून टाकलं. तो वर फोन करून सांगे, "मॅडम, कटिंगवाला." वरून प्रांजली, कानाला ऑफिसचा फोन, "हां, भेजो" म्हणे आणि आपल्या खोलीचं दार लावून घेई. बाबांसाठी न्हावी नागराजनं ठरवलाय अशी तिची समजूत. कामाची माणसं सामानाच्या लिफ्टनं जातात, तसे कल्लाप्पाही जात. गॅसच्या टाक्या, पाण्याचे जार आणि मराठी मंडळीचे पाळक.

एकदा उपेंद्रनं बायकोला विचारलं, "ते मराठी पास्टर येणार होते, आले का?"

"पास्टर-बिस्टर कोणी नाही आलं. न्हावी तेवढा येतो वेडन्सडेला."

झालं. उपेंद्रच्या मनात गाठ बसली ती तिथं.

आणि तो बुधवारचा तास कसा असे? तोंडाला फेस लागला की अण्णा गप्प बसत. दुसऱ्या कशानं बसत नसत. गोळीनं नाही, टीव्हीनं नाही. गालावरून ब्रश फिरू लागला की डोळे मिटत, खांदे सैल पडत. मग कल्लाप्पा दाढी करता करता स्तोत्र म्हणत, हळूच एखादं जुनं गीत धरत. कधी कधी फेसाच्या आतून अण्णांचे ओठ हलत. सूर अजून तिथंच होता. "आता मान वर करा" च्या जागी कल्लाप्पा "आमेन" म्हणत, आणि अण्णा मान वर करत. जगात कुठल्या पाळकानं अशी उपासना चालवली असेल?

महानंदा दर बुधवारी संध्याकाळी विचारी, "आज तरी सांगितलंत का त्या बाईला, तुम्ही कोण ते?"

"दार बंद होतं तिचं. कामात असते बिचारी."

"गेटवर?"

"गेटवर सांगून काय करू? दाढी तर करायचीच असते."

"अहो, पण मान म्हणून काही आहे की नाही?"

"न्हाव्याचा मान कमी असतो होय?" कल्लाप्पा विचारत. "सलूनवाल्यानं फी घेतली नाही माझ्याकडनं. आणि रविवारी माझ्या उपदेशानं जेवढी माणसं शांत होत नाहीत, तेवढं एक माणूस बुधवारी होतं."

यावर ती ताट पुढं सरकवून म्हणे, "करा प्रार्थना."

मग अण्णा गेले. सकाळी झोपेतच. माती दुसऱ्याच दिवशी, ऐन कामाच्या दिवशी झाली. मंडळीतलं दुसरं कुणी पोहोचलं नाही. पंचांचे प्रमुख शेषगिरीसाहेब, अण्णांचे कारखान्यातले जोडीदार, तेही मुलीकडं म्हैसूरला होते. इंग्रजी मंडळीच्या पाळकांनी उपासना चालवली. नागराजचा फोन आला म्हणून कल्लाप्पा धावले. उपेंद्रचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "मी कल्लाप्पा." त्या दिवशी त्याचा हात शंभर जणांनी धरला असेल. तो नुसता "थँक यू, थँक यू" म्हणाला. प्रांजलीनं मात्र ओळखलं. "अरे, तुम्हीपण आलात! बरं झालं. त्या खुर्च्या जरा सावलीत लावता का?"

लावल्या त्यांनी. मग नागराजच्या शेजारी, ड्रायव्हर आणि स्वयंपाकिणीच्या ओळीत उभे राहिले, आणि सर्वांत शेवटी मूठभर माती टाकली.

चार दिवसांनी नागराज घरी आला. हातात कापडी पिशवी. त्यात अण्णांचे वापरलेले शर्ट, आणि तळाला दाढीचा अर्धा साबण. "मॅडमनी दिलं. न्हाव्याला दे म्हणाल्या." देताना त्याची मान खाली होती. महानंदानं पिशवी घेतली, त्याला कॉफी दिली, आणि तो गेल्यावर दार लावून ती अशी रडली की कल्लाप्पांना वाटलं गावाकडून कुणाची तरी बातमी आली.

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक. पण पुढच्या रविवारी शेषगिरीसाहेब उपासनेतल्या जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचायला उठले. अमक्याचं लग्न, तमक्याचा नामकरणविधी, आणि मग चष्मा सारखा करून, "घरभेटींच्या बाबतीत पाळकसाहेबांनी लक्ष घालावं अशी पंचांची विनंती आहे. आपले एक ज्येष्ठ बंधू वर्षभर आजारी होते, आणि मंडळीकडून एक भेट झाली नाही, अशी कुटुंबाची तक्रार आली आहे. फार लाजिरवाणं आहे."

भर चर्चमध्ये! पाळकाकडं असतं काय हो? जमीन नाही, दुकान नाही. असतं ते नाव. ते या माणसानं माइकवरून धुळीला मिळवलं. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. महानंदा बाकावर ताठ बसून नवऱ्याकडं बघत होती. आता बोलतील. आता तरी बोलतील.

कल्लाप्पांनी पुढचं गीत जाहीर केलं.

घरी आल्यावर तिनं पदर खोचला. "तोंडात मिठाची गुळणी धरलीत काय? एक वाक्य! एक वाक्य बोलला असता तर त्या शेषगिरीची वाचा बसली असती. स्वतः कितीदा गेला होता तो? जोडीदार म्हणवतो!"

"अगं, त्यांना सांगितलं की ते उपेंद्रला सांगणार. बाप जाऊन दहा दिवस नाही झाले. त्याला जाऊन सांगू, तुझ्या घरात वर्षभर कोण येत होतं हे तुला ठाऊक नाही? ते ऐकून त्याला झोप लागेल?"

"आणि आपल्याला लागते ती?"

"मला लागते," कल्लाप्पा खरं तेच बोलले. "मला जे मिळायचं ते त्या खोलीत मिळालं, महानंदा. त्याची पोच कुणाकडून घ्यायची राहिलेली नाही."

"मला नाही मिळालं," ती म्हणाली. "मी त्या खोलीत नव्हते. मी इथं होते, भिंतीवरचा फेस पुसत."

त्या दिवसापासून तिनं ताटावरचा उपकार सांगणं बंद केलं. कल्लाप्पा आपला सांगत, मग डोळे मिटून तिची वाट बघत. ती गप्प. आमटी गार होई. शेवटी तेच आमेन म्हणत. लग्नानंतर असं पहिल्यांदाच चाललं होतं, आणि ते त्यांना जाहिरातीपेक्षा जास्त लागलं. आणि अशातच तो निरोप आला होता, न्हाव्याला जोडीनं जेवायला बोलावल्याचा.

"जायचं," कल्लाप्पा म्हणाले. "अण्णांची उपकारस्तुती आहे. मला कोण म्हणून का बोलवेनात. फक्त एक कर, तिथं बोलू नकोस."

"बघते," महानंदा म्हणाली.

शनिवारी ती प्रभुभोजनाच्या रविवारी नेसायची ती पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली. गेटवर "कटिंगवाला, दो लोग" असा फोन गेला. सामानाच्या लिफ्टमध्ये पाण्याचे जार होते. ती एका जारावर हात ठेवून उभी राहिली आणि क्लबहाउसच्या मजल्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. कल्लाप्पांना तेच जास्त भीतीचं वाटलं.

प्रांजली दारातच भेटली. थकलेली, डोळे सुजलेले. "आलात? थँक्स हां. वहिनी, नमस्ते. तुमचं जेवण मागं लावलंय, स्टाफबरोबर. आणि दादा, खुर्च्या थोड्या कमी पडताहेत..."

कल्लाप्पा खुर्च्या आणायला मागच्या खोलीत गेले. महानंदा सभागृहातच राहिली, अगदी मागच्या भिंतीशी. पुढच्या ओळीत शेषगिरीसाहेब बसले होते, कोटात.

कार्यक्रम इंग्रजीत, मधून मधून मराठीत. उपेंद्र उभा राहिला. बोलला चांगलं. डॉक्टरांचे आभार मानले, इंग्रजी मंडळीच्या पाळकांचे मानले, अपार्टमेंटच्या कमिटीचे, ऑफिसातल्या लोकांचे, जेवण करणाऱ्यांचे. महानंदा ऐकत होती. मग त्याचा आवाज जड झाला. "एक गोष्ट मात्र मनात राहिली. बाबांनी आयुष्यभर मराठी मंडळीत गायलं. त्यांची शेवटपर्यंत कुणीतरी मराठीतून प्रार्थना करावी अशी इच्छा असणार. मी फोनवर परवानगीही दिली होती. पण त्यांच्या मंडळीचे पाळक एकदाही आले नाहीत. ठीक आहे. देव त्यांना क्षमा करो."

शेषगिरीसाहेबांनी गंभीरपणे मान हलवली.

"बाबांबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर..."

कुणी उठेना. सगळ्यांना अण्णांचा हुद्दा ठाऊक होता. माणूस ठाऊक नव्हता.

"सलाम," मागून आवाज आला. "मी न्हाव्याची बायको."

माना वळल्या. प्रांजली घाईनं पुढं आली, "वहिनी, थोडं थांबाल का..."

"वर्षभर थांबले, बाई." महानंदाचा आवाज तिच्या वडलांना गावच्या वेशीवर ऐकू जाई तसा लागला होता. "साक्ष द्यायला सांगितलंय, देते. अण्णा शेवटी कसे होते ते तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे? मला माहीत आहे, दर बुधवारी ऐकलंय मी. वस्तरा बोथट आहे म्हणून शिव्या द्यायचे. चहा यांच्या अंगावर टाकायचे, मी धुतलेत यांचे ते शर्ट. फेस लागला की लेकरासारखे व्हायचे. फेसातनं गायचे. त्यांची मराठीतनं प्रार्थना व्हावी अशी इच्छा होती म्हणता? झाली. प्रत्येक बुधवारी झाली, दाढी होईस्तोवर. ह्या खालच्या गेटातनं, गॅसच्या टाक्यांच्या लिफ्टमधनं येऊन केली. शेषगिरीसाहेब, लाजिरवाणं म्हणालात ना माइकवरनं? बरोबर म्हणालात. तुम्ही कितीदा आला होता?"

शेषगिरीसाहेब अर्धे उठले, अर्धे बसले. "पाळकबाई? तुम्ही... म्हणजे ते न्हावी..."

"पाळकबाई?" प्रांजली म्हणाली.

त्याच वेळी कल्लाप्पा चार खुर्च्या एकात एक घालून दारात आले. सगळं सभागृह त्यांच्याकडं बघत होतं. त्यांनी बायकोकडं पाहिलं आणि खुर्च्या हळूच खाली ठेवल्या.

"सॉरी, आंटी," प्रांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच सॉरी. आम्हाला माहीतच नव्हतं ते पास्टर आहेत. मला वाटलं न्हावी..."

"असू दे की न्हावी!" महानंदा गरजली, आणि हे मात्र ती घरून ठरवून आलेली नव्हती. "न्हावी असता तर? वर्षभर एक माणूस तुमच्या सासऱ्याच्या गळ्यावर वस्तरा धरून उभा राहतो, आणि त्याचं नाव काय म्हणून एकदा विचारलं नाहीत तुम्ही? पाळक निघाला म्हणून सॉरी. आणि न्हावी निघाला असता तर ते जुने शर्ट बरोबर होते?"

कोपऱ्यातला नागराज टाळी वाजवावी की पळून जावं अशा तोंडानं उभा होता.

उपेंद्र पुढं आला. आता याची बोलणी खायची, म्हणून कल्लाप्पांनी हात जोडले. पण त्यानं विचारलं ते वेगळंच. "बाबा... माझं नाव घ्यायचे का?"

महानंदानं नवऱ्याकडं पाहिलं. हा माणूस आता काय उत्तर देणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. दुसरा कुणी असता तर गोड खोटं बोलला असता.

"नाव नाही घेतलं," कल्लाप्पा म्हणाले. "नावं गेली होती त्यांची. पण दर वेळी एक सांगायचे. नीट कर रे, हनुवटीखाली राहू देऊ नकोस, मुलगा संध्याकाळी घरी येणार आहे."

उपेंद्र त्या चार खुर्च्यांतल्या वरच्या खुर्चीवर, ती वेगळी न काढताच, बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. कल्लाप्पा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. शेषगिरीसाहेबांनी बाकीच्या खुर्च्या कुठून आणायच्या ते नागराजला विचारलं आणि कोट काढून कामाला लागले. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्यांनी माइकवरून माफी मागितली, पण ती इतकी लांबली की लोकांना डुलक्या आल्या.

जेवताना प्रांजलीनं दोघांना पुढच्या टेबलावर बसवायचा आग्रह धरला. महानंदा म्हणाली, "नको, आमचं पान स्टाफबरोबर लावलंय ना, तिथंच बसू. नागराज एकटा आहे." राग काही उतरला नव्हता. प्रांजलीही ताट घेऊन तिथंच येऊन बसली, पण भाताला हात लावेना. महानंदानं तिच्या पानात आपल्या हातानं लोणचं वाढलं. तेवढंच.

कल्लाप्पांनी डोळे मिटले. आपला उपकार सांगितला. मग वाट बघितली. बिशिबेळे भात निवत चालला.

"देवा," महानंदा म्हणाली, "मला राग दिलास त्याबद्दल उपकार. यांना नाही दिलास, ते तुझं तू बघ."

"आमेन," कल्लाप्पा इतक्या जोरात म्हणाले की नागराज दचकला.

परत निघताना उपेंद्र स्वतः त्यांना माणसांच्या लिफ्टनं खाली घेऊन आला. गेटवर रखवालदार उन्हात उभा होता. डोक्यावर पुठ्ठा धरलेला, केस पिकू लागलेले. कल्लाप्पांना बघून त्यानं ओळखीचा हात वर केला, "कटिंगवाले भैया, हो गया?"

महानंदा वळली. तिच्या तोंडाशी शब्द आला होता, चांगला सणसणीत. आणि ती थांबली. वर्षभर या माणसाला तिनं घरबसल्या जेवढी बोलणी दिली होती, तेवढी कुणालाच दिली नसतील. याचं नाव काय होतं?

"नाम क्या है तुम्हारा?" तिनं विचारलं. सूर अजून तोच होता, वरच्या मजल्यावरचा.

बिचारा घाबरला. "मॅडम, कंप्लेंट मत करना. हम तो जो बोला वही..."

"अरे कंप्लेंट नहीं! नाम पूछा, नाम!"

"गिरीराज," तो म्हणाला.

"घर में कौन कौन है?" तिनं विचारलं, आणि कल्लाप्पांनी चालू केलेली स्कूटर मुकाट्यानं बंद केली, कारण आता अर्धा तास तरी लागणार हे त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी उपासना आटोपून दोघं जेवायला बसली. खिडकीला तो न फुटलेला फुगा केव्हाचा सुरकुतून लोंबत होता. कल्लाप्पांचं झालं. मग महानंदानं हात जोडले.

"देवा, गेटवरच्या त्या गिरीराजबद्दल तुझे उपकार. त्याच्या दोन्ही मुलींना सांभाळ. आणि एवढ्या मोठ्या इमारतीत त्याला बसायला साधी खुर्ची दिली नाही कुणी, त्याचा जाब मला कुणाला विचारायचा ते सांग. बुधवारी मी यांच्याबरोबर जाणार आहे. आमेन."

"बुधवारी?" कल्लाप्पांनी डोळे उघडले. "आता तिथं कुणाकडं?"

"त्याच इमारतीत एक म्हातारे आहेत म्हणे. गिरीराजनं सांगितलं. कुणाला हात लावू देत नाहीत," महानंदा म्हणाली आणि त्यांच्या पानात गरम भाकरी टाकली. "वस्तऱ्याला धार लावून घ्या."